कोंबडीच्या गोळ्या

अंड्याची मला किळस येते, आणि हे मी गावात कुणाला कळू देत नाही. मी आशाताई आहे. म्हणजे सरकारी दवाखाना आणि गाव यांच्या मधली बाई. बाळंतिणीच्या उशाशी बसायचं, लघवीच्या बाटल्या हातात धरायच्या, खोकल्याच्या पेशंटचा बेडका डबीत घेऊन झाकण घट्ट लावून पोचवायचा, ही माझी रोजची कामं. त्यातलं काहीही करताना माझ्या पोटात कधी ढवळलं नाही. पण अंडं फुटून त्यातलं ते लोंबणारं पांढरं बोटाला लागलं की मला तीनदा साबण लागतो, आणि तरीही त्या हातानं जेवावंसं वाटत नाही.

असल्या बाईच्या गळ्यात कोंबड्या पडल्या. आमचं गाव भोकरहून हिमायतनगरकडं जाणाऱ्या सडकेपासून जरा आत आहे. तिथल्या आमच्या बचत गटाला सुधारित जातीची पिल्लं मिळाली, प्रत्येकीच्या वाट्याला दहा. गटाची सचिव मीच. "पाळा, घरचं अंडं मिळेल, लेकरांना खाऊ घाला," असं घरोघर सांगत फिरले होते तीही मीच. त्यामुळं मला नको म्हणायला तोंड नव्हतं. नवऱ्यानं मागच्या अंगणात जुन्या पत्र्यांचं खुराडं ठोकून दिलं आणि हात झटकले. माझं माहेर लातूरकडचं. तिथं आमच्या दारात म्हशी होत्या, कोंबड्या कधी नव्हत्या, त्यामुळं हा प्राणी मी जवळून बघितलाच नव्हता.

लांबून कोंबडी बरी दिसते. जवळ गेलं की कळतं ती काय काय खाते. पाल खाते. उंदराचं पिल्लू खाते. सासऱ्यांनी तंबाखूची पिंक टाकली की चार कोंबड्या त्या पिंकेवर धावत जात, आणि पहिली पोचलेली बाकीच्यांना चोचीनं हाणत असे. शेजारचं लहान लेकरू अंगणाच्या कडेला बसलं की त्याचं उरकायच्या आत या मागं उभ्या. मग त्याच चोचीनं माझ्या हातातले ज्वारीचे दाणे टिपायला येत. मी दाणे लांबून फेकायला लागले. सासू म्हणायची, "असं भिऊन कोंबड्या होत न्हाईत, बाई." मी भीत नव्हते, मला घाण वाटत होती. पण आशाताईला घाण वाटते हे सासूला सांगायची सोय नव्हती.

अंडी सुरू झाली आणि पहिले दोन महिने ठीक गेले. मग एके सकाळी खुराड्यातल्या पेंढ्यात हात घातला तर हाताला काहीतरी गरम आणि मऊ लागलं. कवच नव्हतंच. नुसती पातळ कातडी, आत सगळं हलणारं. मी दचकून मूठ आवळली आणि ते फुटलं. पिवळं मनगटावरून बांगड्यांत शिरलं आणि कोपरापर्यंत ओघळलं. मी हात बाहेर काढेपर्यंत कोंबड्या येऊन त्या हातावर तुटून पडल्या. आपलंच अंडं माझ्या कातडीवरून टिपून खात होत्या आणि मी तिथं उभी राहून ओकत होते. गाव उठायच्या आत झालं म्हणून अब्रू वाचली.

त्या दिवसानंतर तर त्यांना चटकच लागली. मऊ अंडं पडलं की सगळ्या मिळून फस्त करायच्या. मग पातळ कवचाची अंडीही चोचीनं फोडायला लागल्या. पेंढा चिकट झाला, त्यावर माश्या बसल्या, वास थेट स्वयंपाकघरात यायला लागला. दोन कोंबड्या पाय टाकून बसल्या, उठायला तयार होईनात.

भोकरच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर वयस्कर होते आणि माझ्यावर वैतागले. म्हणाले, "गावरान कोंबडी थोडी अंडी घालते, मग खुडूक बसते, अंडी बंद करते. मधल्या काळात उकरून उकरून आपलं भागवते. ही तुमची जवळजवळ रोज घालते. रोजचं टरफल कुठून आणायचं तिनं? कॅल्शियम पाहिजे. खाण्यातून मिळालं नाही तर ती आपल्या हाडातलं काढून देते. मग बसते पाय टाकून." हे ऐकून मला लाज वाटली, कारण पोटुशा बायकांना मी वर्षानुवर्षं हेच सांगत होते. तुम्ही खाल्लं नाही तर लेकरू तुमच्या हाडातलं घेतं, म्हणून पांढऱ्या गोळ्या चुकवायच्या नाहीत.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. नांदेडला खाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो, तो वेगळ्या भांड्यात ठेवायचा, जिला लागेल ती लागेल तेवढा खाईल. दाण्यात मिसळायचा नाही. नांदेडला जाणं होत नसेल तर अंड्यांची टरफलं गोळा करायची, उकळून वाळवायची, तव्यावर भाजायची आणि बारीक कुटायची. "बारीक कुटा," असं त्यांनी दोनदा सांगितलं. "टरफल टरफल म्हणून ओळखू आलं तर कोंबडी अंडं फोडायला शिकते. तुमच्या तर आधीच शिकल्यात."

नांदेडला जायला मला त्या आठवड्यात सवड नव्हती. म्हणून भोकरच्या बस स्टँडसमोर आम्लेटचा गाडा लावणाऱ्या बाईला टरफलं ठेवायला सांगितली. तीन दिवसांनी तिनं युरियाच्या पिशवीत भरून दिली, तोंड सुतळीनं बांधून. पिशवी जड होती आणि खालून ओली होती. रिक्षात ती माझ्या पायाशी, आणि शेजारची बाई पदर नाकाला लावून माझ्याकडं बघत होती. घरी येऊन अंगणात सुतळी सोडली. आतून ऊब आली. वास कसा होता ते लिहिणार नाही, कारण तो शब्दांत बसत नाही आणि बसला तर वाचवणार नाही. एकात एक अडकलेली टरफलं, त्यांना चिकटलेलं आतलं पांढरं आता पिवळट झालेलं, आणि तळाशी सगळं वळवळत होतं. हे मी माझ्या पातेल्यात उकळायचं, माझ्या तव्यावर भाजायचं. ज्या तव्यावर भाकरी होते त्या तव्यावर.

मी पिशवी पायानंच ढकलत उकिरड्यापर्यंत नेली आणि आंघोळ केली. आंघोळ करून कोरडी साडी नेसताना मला खोलीतली पत्र्याची पेटी दिसली. पेटीत वाटपाच्या गोळ्या असत. त्यातच तळाशी पांढऱ्या कॅल्शियमच्या गोळ्यांची काही पाकिटं होती, मुदत संपलेली. ती परत करायची असतात, नोंद करून. माझं राहून गेलं होतं. मला वाटलं, नाहीतरी फेकायच्याच आहेत. कॅल्शियम ते कॅल्शियमच. ना वास, ना अळ्या.

खलबत्ता घेऊन ओसरीवर बसले आणि एकेक गोळी पाकिटातून काढून कुटायला लागले. तेवढ्यात आमच्याच गल्लीतली, विहाराच्या मागच्या घरातली सून आली. तिला दिवस जाऊन दोन महिने झाले होते आणि नाव नोंदवून कार्ड काढायचं होतं. "बस," म्हटलं, आणि हातातलं काम थांबवलं नाही. पावडर एका बशीत काढली, अंगणात ठेवली आणि कोंबड्या त्यावर झडप घालायला लागल्या तेव्हा मला फार बरं वाटलं. मग हात धुऊन कार्ड लिहायला घेतलं.

या सुनेबद्दल सांगायला हवं. पहिल्या वेळी आठव्या महिन्यात तिच्या पायावर सूज आली, डोकं दुखायला लागलं, आणि नांदेडला नेताना गाडीतच तिला झटके आले. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती वाचली. लेकरू मेलेलंच जन्मलं. तिचा नवरा हैदराबादला बांधकामावर असतो, तो दुसऱ्या दिवशी आला आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. गाडी बोलवायला तिच्या सासूनं उशीर केला, असं मी तेव्हापासून धरून चालले होते. ती सासू तोंडानं तिखट, हातानं आखडती, गटाच्या बैठकीत कुणाला चहात साखर जास्त पडली तरी बोलून दाखवणारी. मी मावशी म्हणते तिला, पण मनातून मला ती कधी आवडली नाही.

म्हणून या खेपेला मी ठरवलं होतं की हे लेकरू हातातून जाऊ द्यायचं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही बजावलं होतं, आधी रक्तदाब वाढलेली बाई आहे, कॅल्शियमची गोळी चुकता कामा नये. चौथ्या महिन्यापासून मी तिला पाकिटं द्यायला लागले. दर आठवड्याला जायची, विचारायची, "गोळ्या घेतेस ना?" ती म्हणायची, "हाव ताई." मी म्हणायची, "पाकीट दाखव." ती रिकामं पाकीट आणून माझ्या हातात द्यायची, एकही गोळी शिल्लक नसायची. माझ्या यादीत इतकी शहाणी बाई दुसरी नव्हती. इतर बायका गोळ्या कणगीत दडवतात, गादीखाली ठेवतात, एकीनं तर चुलीत टाकल्या होत्या.

दरम्यान माझ्या कोंबड्या सुधारल्या. गोळ्या संपल्या तोवर शिंपल्यांचा चुरा आला. अंडी अशी टणक की पातेल्याच्या काठावर दोनदा आपटावी लागायची. बैठकीत बायका विचारायच्या, काय घातलं? मी म्हणायची, "कॅल्शियम." आणि पुढचं बोलायची नाही. मावशीच्या कोंबड्यांनीही मधे मऊ अंडी घातली होती, पण त्यांचीही आता चांगली होती. तिनं बैठकीत एक अंडं आणून सगळ्यांसमोर जमिनीवर घरंगळत सोडलं. ते फुटलं नाही. मी म्हटलं, बरं झालं.

सातव्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा नर्सबाईंनी दाब दोनदा मोजला, मग तिसऱ्यांदा मोजला. सुनेच्या घोट्यावर बोट दाबून बघितलं. खड्डा पडला आणि भरायला वेळ लागला. नर्सबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "गोळ्या नीट चालू आहेत ना?" मी छाती पुढं काढून म्हणाले, "एक चुकलेली नाही." त्यांनी दुसऱ्या दिवशी नांदेडला दाखवायची चिठ्ठी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घ्यायला गेले. ती आत साडी बदलत होती. मी अंगणात उभी राहिले. मावशीच्या अंगणात पाय कुठं ठेवावा हा प्रश्नच असतो, जिथं तिथं कोंबड्यांची घाण. एका फुटक्या घमेल्यात कोंबड्यांचं खाणं होतं आणि त्यात पांढरी पूड. मी सहज बघितलं. पूड नीट कुटलेली नव्हती. त्यात एक गोळी अर्धीच फुटलेली, मधली रेघ दिसत होती. ती रेघ मला झोपेतही ओळखू येईल.

वर बघितलं तर समोर घराची भिंत. चुन्यानं रंगवलेली जुनी भिंत. खाली जमिनीलगत कोंबड्यांनी चुना टोचून टोचून खाल्लेला, माती दिसत होती. ते जुनं होतं, धूळ बसलेलं. पण त्याच्या वर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, आणखी एक पट्टा उघडा पडला होता. तो ताजा होता. त्यावर नखांच्या रेघा होत्या. कोंबडीची चोच तिथवर पोचत नाही. पोटुशी बाई माती खाते, खडू खाते, चुना खाते, हे मी कितीतरी घरांत बघितलं आहे, आणि का खाते ते कुणाला धड सांगता येत नाही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच आलं. या घरात कोंबड्यांना गोळ्या आणि सुनेला भिंत.

मावशी गोवऱ्या घेऊन आली. मी घमेलं उचलून तिच्यासमोर धरलं.

"मावशी, ह्या गोळ्या कुणाच्या हायत?"

"कोणत्या गोळ्या? ते कोंबड्याइचं पावडर हाय. सून घालती रोज."

"सुनेवर लोटता काय? सरकार तिच्या पोटातल्या लेकरासाठी देतं, अन् तुम्ही अंड्याचं कातडं टणक व्हावं म्हणून कोंबड्यांना घालता. लाज न्हाई वाटत?"

गल्लीतल्या दोन बायका दाराशी आल्या. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. मी म्हणाले, "एक लेकरू तर घालवलंच. आता दुसरं बी कोंबड्यांच्या पोटात घालून राहिल्या."

हे मी बोलले. असं बोलायचं नव्हतं वगैरे काही नाही, मला तसंच बोलायचं होतं आणि बोलताना बरं वाटत होतं. मावशीच्या हातातल्या गोवऱ्या खाली पडल्या. ती भिंतीला टेकून बसली. एरवी एका शब्दाला दहा शब्द परत करणारी बाई, ती हळू आवाजात म्हणाली, "दोन अंडे उकडून देते मी तिला रोज. माझ्या हातानं सोलून देते. एक बी अंडं म्या इकलं न्हाई, विचार गल्लीला."

दारातल्या एका बाईनं मान हलवली, हो म्हणून. मला ती मान दिसली आणि मी न दिसल्यासारखं केलं.

तेवढ्यात सून बाहेर आली. साडीच्या निऱ्या अजून हातात होत्या. म्हणाली, "आत्याबाईला नका बोलू ताई. त्यांना ठावं न्हाई. गोळ्या म्याच घातल्या कोंबड्याला."

"तू?" मी म्हटलं. "कशापायी?"

तिनं खाली बघितलं. मग निऱ्या खोचत, जणू साडीबद्दलच सांगते आहे असं, ती सांगायला लागली. "कार्ड काढायला तुमच्या घरी आले होते, तवा तुम्ही ओसरीवर ह्याच गोळ्या कुटून राहिलत्या. कोंबड्याला घातल्या. म्या बघितलं. मग चौथ्या महिन्यात तुम्ही त्याच गोळ्या मला दिल्या. म्या म्हणलं, ह्या माणसाच्या असत्या तर ताईनं कोंबड्याला कशाला घातल्या असत्या?"

माझ्या हातात अजून घमेलं होतं. ते खाली ठेवायचं मला सुचेना.

"मग विचारायचं न्हाई का मला?"

"काय इचारायचं? मागल्या टायमाला तर म्या सगळ्या खाल्ल्या होत्या. तुम्ही म्हणलात तशा. लेकरू राहिलं का?" ती एकदम माझ्याकडं बघून म्हणाली. "मग इचार केला, कोंबड्याला घालाव्या. कोंबड्या चांगल्या राहिल्या तर अंडं चांगलं. अंडे मीच खाते. फिरून माझ्याच पोटात येतंय की."

तिचा हिशेब इतका सरळ होता. मी म्हणाले, "ते टरफलात जातं गं. सगळं टरफलात जातं." ती म्हणाली, "टरफलात?" मावशीनं मान वळवून उकिरड्याकडं बघितलं. तिथं रोज सोललेल्या अंड्यांची टरफलं पडली होती, पांढरी, जाड.

मी सांगितलं की माझ्या कोंबड्यांच्या गोळ्या मुदत संपलेल्या होत्या, वेगळ्या होत्या. ती म्हणाली, "मला कसं कळावं? दोन्ही पांढऱ्याच." त्या गोळ्या परत करायच्या होत्या, मी केल्या नाहीत. टरफलं उकळायची होती, मला घाण वाटली म्हणून उकळली नाहीत. आम्लेटवालीच्या पिशवीतल्या अळ्यांची जेवढी किळस आली होती, तेवढी त्या अंगणात मला स्वतःच्या हातांची आली. आणि ते हात धुऊन भागणारं नव्हतं. मावशीला मी म्हणाले, माझं चुकलं. तिनं ऐकलं. गटाच्या बैठकीत ती अजूनही माझ्याशी सरळ बोलत नाही, शेजारणीकडं बघून बोलते. मी ते चालवून घेते, कारण तिचं बरोबर आहे.

नांदेडला नेलं. तिथं दाबाच्या गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, आठवड्याला तपासायला सांगितलं, आणि कॅल्शियम चालू ठेवायला सांगितलं. गोळ्या खाल्ल्या नाहीत म्हणून दाब वाढला, की मागच्या वेळेसारखा आपला आपण वाढला, हे तिथल्या बाईंनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे सगळं सांगावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

नववा लागता लागता तिचं सिझर झालं. मुलगी झाली, वजनाला कमी, पण रडली. काचेच्या पेटीत आठ-दहा दिवस ठेवली. आता ती मावशीच्या कडेवर बसून सगळ्या गल्लीत फिरते आणि कोंबड्यांच्या शेपट्या ओढते. पण त्याआधीच्या दोन महिन्यांत काय करावं लागलं ते मला सांगायचं आहे.

नांदेडहून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी नवं पाकीट घेऊन तिच्या घरी गेले. एक गोळी काढून तिच्या हातावर ठेवली, पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं गोळी घेतली नाही. चिडलीही नाही. तिथंच उंबऱ्यावर बसून राहिली, हात पुढं, गोळी तळहातावर. मी लेकराची आण घातली. दाब म्हणजे काय, झटके का येतात, सगळं पुन्हा सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आधी तुम्ही खा."

माणसाची गोळी माणसानं खाऊन दाखवायची. एवढंच तिचं म्हणणं होतं. मी दुसरी गोळी काढली आणि तोंडात टाकली. एरवी मी पाण्याबरोबर गिळली असती, पण तिच्या नजरेसमोर गिळायला धीर होईना, म्हणून चावली. खडूची भुकटी दातांत बसली, टाळूला चिकटली. चुना दिलेल्या भिंतीला जीभ लावल्यासारखी चव. वर कसला तरी गोड औषधी वास. मला उबळ आली. खुराड्यातलं ते मऊ अंडं आठवलं, मनगटावरचा ओघळ आठवला, आणि डोळ्यांत पाणी आलं. पण तिच्यासमोर ओकले असते तर सगळं संपलं असतं, म्हणून तांब्यातलं पाणी घोटाघोटानं घेत मी ती घशाखाली ढकलली.

"झालं," मी म्हटलं.

ती उठली नाही. क्षयाच्या पेशंटला गोळी देऊन झाली की आम्ही त्याला तोंड उघडायला लावतो, गोळी गालात दडवली का बघतो. तिच्या सासऱ्यांना मी सहा महिने तसं केलं होतं, याच उंबऱ्यावर, आणि तेव्हा ती आत भाकरी थापत बघत असायची.

"आ करा," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. ती पुढं वाकली आणि नीट बघितलं, एका गालात, मग दुसऱ्या गालात.

"जीभ वर करा."

मी जीभ वर केली. तिनं जिभेखाली बघितलं, मग स्वतःची गोळी तोंडात टाकली.